साहेब आणि अण्णा

१० मार्च

विमा एजंटानं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरीच होती. आज उघडली, कारण जे झालं ते घरी सांगण्यासारखं नाही आणि कारखान्यात मन मोकळं करावं असं मला कुणी नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर विरुपाक्ष मालकांनी सगळ्यांना चेकिंगच्या हॉलमध्ये बोलावलं. बायपास झाल्यापासून मालक खुर्चीत बसूनच बोलतात. म्हणाले, "डॉक्टरांनी मला रोज यायला बंदी केलीय. मुलगा बंगळूर सोडून येत नाही. तेव्हा उद्यापासून युनिट हेड म्हणून हा कारखाना..." इथं त्यांना खोकल्याची उबळ आली. मी शर्टाच्या बाह्या नीट केल्या. "...सोमलिंग बघतील."

सोमलिंग! कटिंगचा सोमलिंग! ज्याला साधं चहा घेणार का विचारलं तरी आधी हातातल्या खडूकडं बघतो आणि मग म्हणतो, "बघू की."

पहिली टाळी मीच वाजवली. सगळे माझ्याकडंच बघत होते, दुसरं काय करणार?

शाळेच्या गणवेशाचा धंदा म्हणजे मार्च ते जून जीव खाणारा. शिलाईच्या चारही लाईन मी उभ्या केल्या आहेत. दर हंगामात माझा आवाज बसतो, पण माल वेळेत गाडीत चढतो. माझी हाक गेटबाहेरच्या चहावाल्याला ऐकू जाते. सोमलिंगची त्याच्या टेबलाच्या पलीकडं जात नाही. मालकांशी तो कन्नडमध्ये बोलतो, एवढीच काय ती त्याची जमेची बाजू.

घरी आल्या आल्या वैजयंतीनं विचारलं, "झालं का जाहीर?" तिनं सकाळीच श्रीखंडासाठी चक्का बांधून ठेवला होता. मी म्हणालो, मालकांना बरं नव्हतं, पुढं ढकललं. हे अगदीच खोटं नाही. माझ्या मते काही ठरलेलंच नाही.

श्रीखंड खाल्लं. आंबट लागलं.

११ मार्च

फेब्रुवारीत मालकांच्या मुलानं पुण्याहून एक बाई पाठवल्या होत्या, त्याचा कागद आज पुन्हा काढून वाचला. बाईंनी आम्हा सुपरवायझर लोकांना प्रश्नांची उत्तरं लिहायला लावली. कार्यक्रमात तुम्ही मध्ये उभे राहता की कडेला? कुणी चुकला तर लगेच बोलता की नंतर? असलं. सोमलिंगनं हात वर करून विचारलं होतं, "कसला कार्यक्रम, मॅडम? लग्न का मयत?" सगळे हसले. तो चेष्टा करत नव्हता.

मग प्रत्येकाला स्वभावाचा प्रकार सांगितला. माझा आला 'पुढारी'. झटपट निर्णय, अडचणीत पुढं होणं, माणसांना कामाला लावणं. सोमलिंगचा आला 'श्रोता'. त्याचे दोष मी त्याच्या खांद्यावरून वाचले: निर्णय लांबवणं, वरिष्ठांना नकार देता न येणं, वाद टाळण्यासाठी गप्प बसणं. हे वाचूनही मालकांनी त्याला नेमलं!

माझ्या कागदाचं दुसरं पान त्या वेळी वैजयंतीनं मोठ्यानं वाचायला घेतलं होतं. "समोरचा माणूस बोलत असतानाच मनात उत्तर तयार..." मी म्हणालो, असल्या चाचणीत थोडे दोष घालावेच लागतात, नाहीतर बाईंची फी कशी वसूल होणार. ती म्हणाली, "अहो, वाक्य तरी पुरं..." मी म्हणालो, असू दे.

बाई शेवटी म्हणाल्या होत्या की कुठलाच प्रकार चांगला किंवा वाईट नसतो. ते त्या सोमलिंगकडं बघून म्हणाल्या. बिचाऱ्याचं मन राखायला.

१४ मार्च

सोमलिंगची पहिली मीटिंग. 'पहिली मीटिंग' म्हणजे काय असते हे मी त्याला दाखवलं असतं. हंगामाचं लक्ष्य, चार कडक सूचना, चहा, चला कामाला.

यानं काय केलं? टेबलाभोवती बसवलं आणि विचारलं, "तुमाला काय वाटतं?" मग गप्प. आम्हीही गप्प. पंखा फिरतोय. मला तर घाम फुटला. शेवटी मीच लक्ष्य सांगितलं, मीच सूचना दिल्या. तो मान हलवत राहिला. बाहेर पडताना म्हणाला, "बरं झालं अवधूतराव, तुमी बोलला."

म्हणजे माझ्या तोंडून काम करून घेणार आणि खुर्चीवर हा बसणार.

२३ मार्च

आज नळाला पाणी येण्याचा दिवस. मी गच्चीवर टाकीशी उभा असताना खाली बेल वाजली. उतरून बघतो तर दिवाणखान्यात सोमलिंग, मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन. वैजयंतीचा चेहरा बघूनच कळलं की तिला सगळं समजलंय.

तो उभा राहिला. म्हणाला, "अवधूतराव, तुमाला राग आला आसंल. मी मालकाला तीनदा न्हाय म्हणलो. तुमचंच नाव सांगितलं. मला चार लोकांत बोलता येत न्हाय, हे त्यांनाबी ठाऊक हाय. ते ऐकंनात. गेल्या साली शिलाईच्या बायका का सोडून गेल्या म्हणून मलाच विचारत होते."

"मग तू काय सांगितलंस?"

त्यानं पुड्याची दोरी बोटाभोवती गुंडाळली. "मला ठाऊक न्हाय म्हणलो."

लबाड. तीनदा नाही म्हणाला म्हणे! ज्याला चहाला नाही म्हणता येत नाही, तो मालकांना तीनदा नाही म्हणाला? आणि माझं नाव खरंच सांगितलं असतं तर मालकांनी ते ऐकलं नसतं होय? बायकांचं म्हणाल तर ज्यांना काम झेपत नव्हतं त्या गेल्या. हंगामात माझ्या हाताखाली टिकायला दम लागतो.

मी पाण्याकडं बघायला पुन्हा वर गेलो. मुद्दामच वेळ लावला. खाली आलो तर वैजयंती त्याला आपल्या शाळेतलं सांगत होती, नव्या मुख्याध्यापिकेनं तिचा वर्ग कसा काढून घेतला ते. तो नुसता "व्हय का", "आस्सं" एवढंच म्हणत होता. चहाचे दोन कप झाले होते. तो गेल्यावर ती म्हणाली, "किती छान ऐकून घेतात हो."

मी विचारलं, "तुझा वर्ग काढून घेतला? कधी?"

ती म्हणाली, "डिसेंबरमध्ये."

मला हे तिनं आधी का सांगितलं नाही? परक्या माणसाला सांगते आणि मला नाही. हा माणूस माझ्या खुर्चीवर बसला, आता माझ्या घरातही बसायला लागला.

श्रीखंडाच्या दिवसाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१ एप्रिल

पाडव्यापासून बायका त्याला 'अण्णा' म्हणायला लागल्या आहेत. मी इतकी वर्षं 'साहेब'. साहेब मोठं आहे, मान्य आहे. तरी.

तेलुगू बोलणाऱ्या बायका आपसांत बोलायच्या आणि मी आलो की थांबायच्या. मी समजत होतो की शिस्त आहे. आज बघितलं, सोमलिंग त्यांच्या घोळक्यात उभा राहून मोडक्यातोडक्या तेलुगूत काहीतरी सांगत होता आणि त्या हसून लोळत होत्या. तो चुकीचं बोलला की नरसम्मा त्याला सुधारत होती. युनिट हेडला! लाईनवरची बाई! आणि तो तिच्यामागं तो शब्द पुन्हा म्हणत होता.

मग कळलं की काजाचं मशीन दोन महिन्यांपासून बिघडलंय. कॉलरचं काज तिरकं पडतं, बायका ते हातानं उसवून नीट करतात, म्हणून दुसरी लाईन मागं पडते. सोमलिंगला परवा कळलं, आज मिस्त्री आला. मी दिवसातून दहा वेळा त्या मशीनवरून जातो. एकीनं तोंड उघडलं नाही.

नरसम्माला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुमी कुटं थांबता साहेब? येता, वरडता, जाता."

भराभर काम करणाऱ्याबद्दल लोकांचा असाच समज होतो.

१२ एप्रिल

ऊन चढलं. वर पत्रा, खाली इस्त्रीची वाफ. सोमलिंगनं बायकांशी बोलून पाळीची वेळ बदलली. पहाटे लवकर सुरू, दुपारच्या उन्हाआधी सुट्टी. मी विरोध केला. इतक्या सकाळी कोण येणार, घरी पाणी भरायचं असतं, डबे असतात. तो म्हणाला, "त्यांनीच सांगितलं की."

सगळ्या आल्या. माल वाढला. मालक फोनवर म्हणाले, "अवधूतराव, बघितलं का सोमलिंगनं काय केलं?"

बघितलं. हंगामच चांगला आहे यंदा, कापड वेळेत आलं. त्याचं श्रेय कुणीही घ्यावं.

खरं लिहायचं तर आज घरी येताना गाडी सात रस्ता चौकात थांबवून उसाचा रस पीत उभा होतो आणि मनात एकच इच्छा होती. त्याचं काहीतरी बिघडावं. मोठं नको. सगळ्यांना दिसेल एवढं.

१९ एप्रिल

देवानं ऐकलं म्हणायचं.

आज मालक स्वतः आले. गुलबर्ग्याच्या एका शिक्षणसंस्थेची ऑर्डर आली आहे, चांगली तगडी, आणि मुदत निम्मी. आम्ही आधीच गळ्यापर्यंत भरलेलो. मालकांनी केबिनमध्ये सोमलिंगला विचारलं, "होईल ना?" मीही होतो तिथं.

कुणालाही दिसत होतं की होणार नाही. म्हणजे होईल, पण पाळी दुप्पट करावी लागेल, भर दुपारी पत्र्याखाली बायका बसवाव्या लागतील. सोमलिंगनं खडू शोधायला खिसा चाचपला. मग माझ्याकडं बघितलं. सरळ माझ्याकडं. त्याला पाहिजे होतं की मी बोलावं. मालकांना तोंडावर नाही म्हणणारा या कारखान्यात मी एकटाच आहे, मालकांनाही ते माहीत आहे. मागं दोनदा म्हणालोय, आणि दोन्ही वेळा त्यांनी ऐकलंय.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"बघतो, मालक," सोमलिंग म्हणाला.

"म्हणजे होईल," म्हणून मालक उठले.

वरिष्ठांना नकार देता न येणं. पुण्याच्या बाईंना मानलं पाहिजे.

२३ एप्रिल

नुसती सकाळची पाळी गेली. आता सकाळही आणि दुपारही. पारा चव्वेचाळीसला टेकला. बायका ओले टॉवेल डोक्यावर घेऊन शिवतात. अण्णा-अण्णा कमी झालं आहे. सोमलिंग केबिनमध्ये बसत नाही, लाईनीतून फिरतो, पण बोलत काहीच नाही. तोंड उतरलंय त्याचं.

आज एक छोटी लढाई जिंकलो. तिसऱ्या लाईनवर इंद्रायणी कॉलर लावते, हात चांगला आहे तिचा, माझ्या सुरुवातीच्या बायकांतली. बघतो तर तिचं मशीन इस्त्रीजवळच्या जागेवरून उचलून पार खिडकीशी नेलेलं. कॉलर तिथं, इस्त्री इथं, मधे माल वाहायला एक माणूस वाया. कुणी केलं विचारलं तर म्हणे, अण्णांनी. मला न विचारता! लाईनची मांडणी माझं काम आहे, हेड कुणीही असो.

मी दोन माणसं लावून मशीन जागच्या जागी आणलं. इंद्रायणी काही न बोलता मागोमाग येऊन बसली. सोमलिंग धावत आला. "अवधूतराव, ते जरा..."

"काय जरा?" मी मोठ्यानं विचारलं. सगळी लाईन थांबली होती.

त्यानं इंद्रायणीकडं बघितलं. तिनं मान खाली घातली होती, हलकेच नाही अशी हलवली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

"न्हाय. ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि गेला.

बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

२६ एप्रिल

इंद्रायणीच्या कॉलर वाकड्या यायला लागल्या आहेत. आज पाच पिसेस तिच्यासमोर टाकले आणि विचारलं, घरी लक्ष आहे का तुझं? ती म्हणाली, "चुकलं साहेब." खिडकीची चैन काढून घेतली म्हणून राग काढते आहे, दुसरं काय.

वैजयंतीला सांगितलं की सोमलिंग आता फार दिवस टिकत नाही. ती भाकरी थापताना थांबली. म्हणाली, "तुम्हाला आनंद झालाय का?"

मी म्हणालो, भाकरी करपतेय बघ.

२८ एप्रिल



दुपारी तिसऱ्या लाईनवर खुर्ची पडल्याचा आवाज आला. इंद्रायणी खाली होती. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. डोळे उघडे, पण ओळख नाही. एक बाई किंचाळली, मग सगळ्याच. सोमलिंग तिच्यापाशी पोचला होता, गुडघ्यावर बसून तिचे तळवे चोळत होता आणि "इंद्रायणी, ए इंद्रायणी" एवढंच म्हणत होता. त्याच्याकडं दहा जण बघत होते, काय करू विचारत होते. त्याला ऐकूच येत नव्हतं.

मग मी ओरडलो. मेन स्विच बंद करायला लावला, इस्त्र्या बंद, सगळ्यांना बाहेर लिंबाच्या सावलीत. दोघींना म्हणालो, हिचे कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंख्याखाली धरा. मालाचा टेम्पो दारात होता, त्यातले गठ्ठे खाली फेकायला लावले आणि तिला त्यात घातलं. दवाखान्यात फोन केला. मग मालकांना केला.

ते म्हणाले, "लाईन का बंद केल्या? एका बाईला चक्कर आली तर..."

मी म्हणालो, "मालक, एकही मशीन उन्हं उतरल्याशिवाय चालू होणार नाही. आज नाही, उद्या नाही, हंगामभर नाही. गुलबर्ग्याला तुम्ही सांगा, नाहीतर नंबर द्या, मी सांगतो. आणि चालवायच्याच असतील तर तुम्ही येऊन बसा इथं पत्र्याखाली!" अंगण दणाणलं. मग म्हणाले, "बरं."

हे मी केलं. सगळं मी केलं. सोमलिंग टेम्पोत तिच्या उशाशी बसून गेला, एवढंच.

आणि संध्याकाळी गेटवर काय ऐकलं? एक बाई दुसरीला सांगत होती, "अण्णांनीच साहेबास्नी लाईन बंद करायला लावली असंल बघ. लई काळीज हाय त्या माणसाला."

मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभा होतो.

२९ एप्रिल

दवाखान्यात गेलो. इंद्रायणी शुद्धीवर आहे. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती. कारखान्यात अंगावर पाणी ओतलंत ते बरं केलंत, म्हणाले. हे सोमलिंगसमोर म्हणाले ते बरं झालं.

तिची सासू बाहेर बाकावर होती. मला बघून हात जोडले आणि रडायला लागली. "आठ दिस चक्कर येत हुती तिला, साहेब. सांगिटलं हुतं की तिनं अण्णास्नी. त्यांनी खिडकीपाशी बसवलं हुतं म्हणं. पर कुणाला सांगू नका म्हणून तिनंच शपथ घातली. साहेबास्नी कळलं तर घरी बसवतील, परत घ्याचे न्हाईत म्हणं."

म्हणजे सोमलिंगला माहीत होतं.

त्याला माहीत होतं आणि तो गप्प बसला! मालकांना नाही म्हणाला नाही, मला म्हणाला नाही, कुणाला म्हणाला नाही. एवढ्या एका गोष्टीवर त्याची खुर्ची जाईल. जायलाच पाहिजे. उद्या मालक येणार आहेत, चौकशीला. मी काय बोलायचं ते गाडी चालवतानाच जुळवलं.

घरी आल्यावर वैजयंतीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग खिडकीपासून मशीन परत कुणी आणलं?"

मी म्हणालो, मला कुणी कारण सांगितलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली, "तेच."

३० एप्रिल

जुळवलेलं काहीच बोलता आलं नाही.

केबिनमध्ये मालक, मी आणि सोमलिंग. मालकांनी विचारलं, "ही बाई आजारी होती हे कुणाला ठाऊक होतं का?" मी घसा साफ केला. तेवढ्यात सोमलिंग बोलला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाच्या आधी तोंड उघडलं असेल.

"मला ठाऊक होतं. तिनं मला सांगितलं होतं. मी कुणाला बोललो न्हाय. ऑर्डर घेतली तवाबी मला कळत होतं की हे व्हायचं न्हाय. तवाबी बोललो न्हाय. ह्या खुर्चीवर बसायला बोलावं लागतंय, मालक. मला जमत न्हाय. मी पयलंच सांगितलं होतं."

मी वाट बघत होतो. आता खिडकी येईल. त्यानं खिडकीशी जागा केली होती, ती मी परत मोडली, हे तो म्हणेल. म्हणायलाच पाहिजे होतं त्यानं. मी त्याच्या जागी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती.

तो काही बोलला नाही. खडूनं पांढरी झालेली बोटं बघत बसला.

मीही काही बोललो नाही.

मालकांनी टेबलावर बोटं वाजवली. मग म्हणाले, "अवधूतराव, परवा तुम्ही फोनवर मला जे बोललात, तसं माझ्या बापानंतर कुणी बोललं नव्हतं. राग आला. पण बाई वाचली. दोन तारखेपासून हेड म्हणून तुम्ही बघा. सोमलिंग, तू कटिंगला जा."

"व्हय, मालक," सोमलिंग म्हणाला. आणि त्याचे खांदे असे खाली आले की जणू कुणी डोक्यावरची पाटी उतरवून घेतली.

मला पाहिजे होतं ते मिळालं. मग हे काय आहे? मी त्याला पाडायला आलो होतो आणि तो माझ्याआधी स्वतःच पडला, तेही असा की सगळ्यांत उंच तोच दिसला. कबुली देण्यातसुद्धा या माणसानं माझा नंबर लागू दिला नाही. आणि वर माझं झाकलं. मी मागितलं होतं का झाकायला?

वैजयंतीला बातमी सांगितली. म्हणाली, "छान झालं." जरा वेळानं म्हणाली, "सोमलिंगभावजी कसे आहेत?"

२ मे

हेडचा पहिला दिवस. पहिल्या तासात तीन निर्णय घेतले. गुलबर्ग्याची मुदत वाढवून घेतली, पाळी पुन्हा पहाटेची केली, चारही लाईनसाठी आणि कटिंगसाठी मोठे कूलर मागवले. मालकांशी कूलरवरून वाजलं, पण घेतले. सोमलिंगला हे वर्षभरात जमलं नसतं.

तिसऱ्या लाईनचं कॉलरचं मशीन खिडकीशी नेऊन ठेवलं. का, असं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

५ मे

केबिनच्या काचेतून सगळा कारखाना दिसतो. आधी हे माहीत नव्हतं.

चहाच्या सुट्टीत बायका एकामागून एक कटिंगच्या टेबलाशी जातात. सोमलिंग कापड कापत असतो, मान हलवत असतो. काचेमुळं ऐकू काही येत नाही. नरसम्मा आज बराच वेळ काहीतरी हातवारे करून सांगत होती. काय सांगत असेल? कुठलं मशीन? कुणाची पोर आजारी? केबिनचं दार मी दिवसभर उघडं ठेवलं होतं. आत आला तो फक्त चहावाला.

चुकून त्याच्या जागेवर उभं राहावंसं वाटलं. खुर्चीवर बसून त्याचा हेवा वाटतो, म्हणजे कमाल झाली.

८ मे

सोमलिंगला बोलावून विचारलं, बायका तुला काय सांगतात? हेड म्हणून मला कळायला पाहिजे.

तो उभाच राहिला. म्हणाला, "तुमी येत जा की तितं."

"मी आलो की त्या गप्प होतात."

"व्हतात," तो म्हणाला. "थोडा वेळ."

१३ मे

इंद्रायणी आज कामावर आली. डॉक्टरांनी हलकं काम सांगितलंय, म्हणून सोमलिंगनं तिला कटिंगला कापडाच्या घड्या घालायला घेतलं. मला विचारून घेतलं.

चहाच्या सुट्टीत केबिनमधून उतरलो आणि कटिंगच्या टेबलाशी गेलो. सहा-सात बायका होत्या, इंद्रायणी स्टुलावर बसलेली. मला बघितलं आणि सगळ्यांचं बोलणं बंद झालं. नरसम्मानं पदर सावरला. मला नेहमीसारखं विचारावंसं वाटलं, काय चाललंय, माल कुठवर आला. तोंडापर्यंत आलं. सोमलिंग कात्री चालवत होता, त्यानं वर बघितलं नाही.

मी काही बोललो नाही.

असं उभं राहणं फार अवघड असतं. हातांचं काय करायचं तेच कळेना. कापडाच्या गठ्ठ्यावर टेकलो, पुन्हा सरळ झालो. बायका कपातल्या चहाकडं बघत होत्या. एकदा वाटलं, जावं परत. पण परत तरी कसं जाणार, आलो कशाला म्हणतील.

शेवटी इंद्रायणीनं मान वर केली. चेहरा अजून उतरलेलाच आहे तिचा.

"साहेब, एक सांगू का? रागवू नका."

"सांग."

"जरा बाजूला व्हा की. कूलरचं वारं आडतंय."

मी बाजूला झालो.